क्यू हातात आणि यू गायब: इंग्रजी अक्षरांतून शब्द कसे काढायचे

समोर सात अक्षरं आहेत, ए, ई, आय, एन, आर, एस, टी, आणि बहुतेक जण काय करतात तर एकेक अक्षर धरून बसतात, ए ने काय होतं, अँट होतं, एअर होतं, मग ई ने काय होतं, ईस्ट होतं, आणि असं करत करत चार अक्षरांचा एखादा शब्द लावून मोकळे होतात. याच सात अक्षरांत रिटेन्स आहे, नॅस्टिअर आहे, स्टेनर आहे, रेटिनाज आहे, आणि सातही अक्षरं एका चालीत लावली की स्क्रॅबलमध्ये, म्हणजे हातातल्या सोंगट्यांवरच्या अक्षरांनी बोर्डावर इंग्रजी शब्द लावायच्या खेळात, 50 गुण वरचे मिळतात. हे शब्द माहीत नसतात असं नाही हो, रिटेन तर दहावीच्या पुस्तकात येतो. पण आपण शब्द आठवायला जातो आणि आठवणीत शब्द अर्थाला चिकटून बसलेले असतात, अक्षरांना नाही. अक्षरांच्या बाजूने कसं शिरायचं हे मला सांगायचंय, कारण मला हा खेळ मनापासून आवडतो आणि आपल्या मराठी मीडियमवाल्या लोकांनी "आपलं इंग्लिश कच्चं आहे" म्हणून त्यातून उठून जाऊ नये असं मला फार वाटतं.

मी वेंगुर्ल्याची, आठवी ते दहावीच्या इंग्लिशच्या शिकवण्या घेते. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत भेटायची, पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, तोपर्यंत आमची शाळा संपत आलेली. स्क्रॅबलचा बोर्ड आमच्या घरात आणला मुंबईच्या जाऊबाईंनी, गणपतीत. आरत्या झाल्या, भजनी मंडळ चहा पिऊन पुढच्या घरी गेलं की पडवीत एका बाजूला पत्ते आणि एका बाजूला हा बोर्ड. पुतणे सगळे इंग्लिश मीडियमचे, फाडफाड बोलणारे, आणि तरी मला पहिल्यापासून हा खेळ त्यांच्याइतकाच जमला, आणि त्याचं कारण मला पक्कं माहितीये, ते म्हणजे आमचं स्पेलिंगचं पाठांतर. बी-ई-ए-यू, टी-आय, एफ-यू-एल. असं तालात घोकलेलं. त्यात शब्द आपोआप तुकड्यांत मोडला जातो, आणि या खेळात लागतात ते तुकडेच. पुतण्यांनी स्पेलिंग कधी घोकलं नाही, वाचून वाचून आलं, त्यामुळे त्यांना शब्द अख्खा दिसतो किंवा मग दिसतच नाही.

आता एक गोष्ट जी मराठी माणसाला मुद्दाम शिकावी लागते. आपण कानाने खेळणारे लोक. भेंड्या घ्या, अंताक्षरी घ्या, शेवटचा आवाज पकडायचा आणि पुढे जायचं. पेपरातल्या शब्दकोड्यात सुद्धा एका चौकोनात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, लिहिलं तसंच वाचायचं. इंग्रजीत आवाज आणि अक्षर यांची अशी गाठ नाही, म्हणून हातातल्या अक्षरांकडे बघताना प्रत्येकाचे सगळे आवाज मनात फिरवून घ्यायचे. सी आलं तर क पण बघायचा आणि स पण. सी आणि एच दोन्ही आले तर च झालाच, पण कॉर्डमधला क आणि शेफमधला श पण त्याच जोडीत आहे. पी आणि एच म्हणजे फ. जी आणि एच म्हणजे शेवटी फ, जसा रफ किंवा लाफमध्ये, आणि मध्ये आला तर काहीच नाही, जसा नाइटमध्ये. के आणि एन असले तर के मुका करून बघायचा, नी, निट, नॉट, नाइफ. वर्गात मी मुलांना उलटं पण करायला लावते, "फ चा आवाज किती प्रकारांनी लिहिता येतो सांगा", आणि मुलं एफ, एफएफ, पीएच, जीएच असं शोधत जातात आणि त्यात त्यांना मजा येते. हा व्यायाम ज्याने केला त्याला हातातला एच कधी जड वाटत नाही, कारण एच हे नुसतं एकट्याने राहणारं अक्षर नव्हे, ते सी, एस, टी, पी, जी, डब्ल्यू यांच्या सोबतीनेही येतं.

दुसरं म्हणजे शेपट्या आधी बाजूला काढायच्या. होडी किनाऱ्याला लागल्यावर जाळ्यातली मासळी जशी आधी जातवार वेगळी करतात तसं. आय-एन-जी आहे का, ई-डी आहे का, ई-आर, ई-एस-टी, आय-ई-आर, टी-आय-ओ-एन आहे का. असलं तर ते उजवीकडे ठेवून द्यायचं आणि उरलेल्या तीनचार अक्षरांचाच विचार करायचा, सातापेक्षा चार अक्षरं डोक्याला सोपी. मग डावीकडचं बघायचं, आर-ई, यू-एन, डी-आय-एस, ओ-यू-टी, ओ-व्ही-ई-आर. ओ-यू-टी तर फारच कामाचं, आउट लावून इंग्रजीत वाट्टेल ते क्रियापद होतं, आउटरन, आउटडू, आउटप्ले. आणि मधे काय राहिलं ते जुळत नसेल तर अक्षरं कागदावर गोल लिहायची. ओळीत लिहिली की डोळा डावीकडून उजवीकडे एकाच रस्त्याने जातो, गोलात त्याला सुरुवातच सापडत नाही आणि म्हणून तो नव्या जोड्या बघायला लागतो. स्क्रॅबलची पट्टी असेल तर अक्षरं सतत हलवत राहायची, एका जागी ठेवायची नाहीत.

तिसरी युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते आणि ती बरेच मोठे खेळाडू वापरतात. शब्दाची अक्षरं ए ते झेड क्रमाने लावून ठेवायची आणि तोच त्या शब्दाचा पत्ता समजायचा. वर जी ए-ई-आय-एन-आर-एस-टी दिलीत ती तशीच क्रमाने आहेत, आणि त्या एकाच पत्त्यावर बरेच शब्द राहतात. असा पत्ता एकदा पाठ झाला की पुढच्या वेळी अक्षरं कशीही आली तरी हात ती क्रमाने लावतो आणि घर ओळखीचं निघतं. मुलांना हे समजवायला मी फळ्यावर ट्रँगल लिहिते. ए-ई-जी-आय-एल-एन-आर-टी. मग म्हणते यातून अजून शब्द काढा, आणि कोणीतरी रिलेटिंग काढतं, कोणी ऑल्टरिंग, मग अलर्टिंग, आणि गणितात हुशार असलेलं पोरगं शेवटी इंटिग्रल म्हणून ओरडतं. आठ अक्षरं, पाच शब्द. त्या दिवशी वर्गाला घरी जायची घाई नसते.

ही अक्षरांची वाटणी कुठून आली ते पण ऐका, कारण त्यातूनच खेळायचं कसं ते कळतं. स्क्रॅबल ज्याने काढला तो आल्फ्रेड बट्स, अमेरिकेतला आर्किटेक्ट, 1930 च्या मंदीत काम गेलं तेव्हा घरी बसून त्याने हा खेळ बनवला आणि कुठलं अक्षर किती लागतं ते ठरवायला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली. हाताने. एकेक. मला या माणसाबद्दल खूप आदर आहे. एकूण 100 सोंगट्या, त्यात ई 12, ए आणि आय 9-9, ओ 8, आणि जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच, दोन कोऱ्या, ज्या कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात. एस मात्र त्याने मुद्दाम 4 च ठेवले, नाहीतर प्रत्येक जण अनेकवचन करत सुटला असता. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो नावाच्या माणसाने त्याचं नाव स्क्रॅबल ठेवून तो बाजारात आणला. तर यातलं घ्यायचं ते हे की एस आणि कोरी सोंगटी पाचदहा गुणांसाठी खर्च करायची नाही, ती सात अक्षरांच्या शब्दासाठी राखून ठेवायची, आणि ए, ई, आय, एन, आर, टी ही मंडळी हातात जमत असतील तर त्यांना धरून ठेवायचं, कारण जवळपास कुठलंही सातवं अक्षर आलं तरी त्यांच्यात मिसळतं.

आता क्यू. क्यू आला आणि यू नाही की माणसं हताश होतात. नका होऊ. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो, चिनी लोकांची ती प्राणशक्ती, आणि तो 2006 पासून स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या यादीत आहे. क्यू-ए-टी चालतो. आणि मग आपल्या कानाला ओळखीचे किती तरी, एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे फकीर, टी-ए-एल-ए-क्यू तलाक, एन-आय-क्यू-ए-बी नकाब, आणि हातात दोन डब्ल्यू असले तर क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, कव्वाली, पूर्ण सात अक्षरं! पहिल्यांदा फकीर लावला तेव्हा सासूबाई पाट घेऊन जवळ येऊन बसल्या नि म्हणाल्या, "ह्यो शबूद तर आमचोच, ह्येका इंग्लिश कोण म्हणता?" तेव्हापासून त्या रोज बघायला बसतात आणि कोणी अडलं की आपल्या परीने मराठी शब्द सुचवतात, आणि खरं सांगते, त्यातले बरेच चालतात.

कारण आपल्याकडचे शब्द या याद्यांमध्ये भरपूर आहेत. डी-ए-एल, डी-एच-ए-एल, जी-एच-ई-ई आणि जी-एच-आय, रोटी, साडी, धोती, तबला, पूजा, लाख, क्रोर, पैसा. आणि आपल्या किनाऱ्याचे तर बघाच, सी-ओ-आय-आर म्हणजे काथ्या, सी-ओ-पी-आर-ए सुकं खोबरं, कॉलिन्स डिक्शनरीवाल्यांच्या स्क्रॅबलच्या यादीत के-ओ-के-यू-एम कोकम पण आहे, ज्यात दोन के लागतात आणि के एकच असतो म्हणून दुसरा के कोऱ्या सोंगटीचा करावा लागतो. पण माझा सगळ्यात लाडका शब्द पापलेट. पी-ओ-एम-एफ-आर-ई-टी, मोजा, सात अक्षरं! प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण असतात, पी आणि एम तीन-तीन, एफ चार, बाकी एकेक, एकूण 14. पहिल्याच चालीत मधल्या चौकोनावरून लावला तर दुप्पट 28 आणि वर 50, म्हणजे निदान 78. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हा शब्द पाठ नसेल तर कोणाला असणार. पावसाचा एम-ओ-एन-एस-ओ-ओ-एन पण सात अक्षरी, पण तीन ओ एकत्र यायची वाट बघावी लागते.

स्वर एकही न येणं हे पण होतं. तेव्हा वाय शोधायचा. रिदम, लिंक्स, निंफ, क्रिप्ट, ट्रिस्ट, यात ए-ई-आय-ओ-यू पैकी काहीच नाही. वाय पण नसेल तर एन-टी-एच, एच-एम-एम, एस-एच-एच हे चालतात, आणि सी-डब्ल्यू-एम हा वेल्श भाषेतून आलेला शब्द तर पाठ करूनच ठेवा.

ज्याला एकच गोष्ट पाठ करायचीये त्याने दोन अक्षरी शब्द पाठ करावेत. कॉलिन्सच्या 2019 च्या यादीत ते 127 आहेत, रोज आंघोळीला पाणी तापेपर्यंत पाच म्हटले तरी पावसाळ्यात संपतात. लांब शब्द सापडूनही बोर्डावर जागा नसते तेव्हा हेच कामी येतात, कारण दुसऱ्या शब्दाला समांतर शब्द लावायचा तर मधल्या प्रत्येक जोडीचा दोन अक्षरी शब्द व्हावा लागतो. एक्स साठी ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. जे साठी जे-ओ. झेड साठी झेड-ए. व्ही चा मात्र दोन अक्षरी शब्द एकही नाही, एकही, म्हणून डाव संपत आला असताना व्ही हातात ठेवायचा नाही, मिळेल त्या जागी आधी काढायचा. शेवटी हातात उरलेल्या अक्षरांचे गुण आपले वजा होतात आणि ज्याने आपली सगळी संपवली त्याला ते वर मिळतात.

वर्डल या ऑनलाइन शब्दकोड्याचं गणित थोडं वेगळं, तिथे अक्षरं हातात नसतात, ती शोधून काढायची. पाच अक्षरं, सहा संधी. जॉश वॉर्डल नावाच्या माणसाने तो आपल्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी बनवला, आणि पाच अक्षरी सुमारे 12,000 शब्दांतून रोजच्या माणसाला माहीत असतील असे सुमारे 2,500 निवडायचं काम पलकनेच केलं. ऑक्टोबर 2021 मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. पहिला शब्द स्लेट किंवा क्रेनसारखा, वारंवार येणाऱ्या अक्षरांचा घ्यायचा हे सगळ्यांना माहिती असतं. पण लोक अडकतात ते पुढे. अक्षर बरोबर जागी असलं की हिरवं होतं, तर समजा आय-जी-एच-टी हिरवं झालं, फक्त पहिलं अक्षर राहिलं. आता लाइट, नाइट, राइट, माइट, फाइट, साइट, टाइट, एट, आठ शब्द आणि संधी तीन. एकेक करून बघत बसलात तर नशिबावर गेलं सगळं. त्याऐवजी एक संधी सोडून द्यायची आणि मुद्दाम एफ-आय-एल-एम-एस टाकायचा. फिल्म्स हे उत्तर नाही हे माहिती आहे, पण त्यात एफ, एल, एम, एस चारही एकदम तपासले जातात. हार्ड मोड, म्हणजे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरायलाच लावणारा प्रकार, चालू असेल तर असं करता येत नाही, तो बंद ठेवा. म्हणजे इथे पण प्रश्न तोच, ही ही अक्षरं असलेला शब्द कुठला, आणि तो ज्याला चटकन काढता येतो तो जिंकतो.

स्पेलिंग बी नावाच्या ऑनलाइन कोड्यामध्ये सात अक्षरं, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच आणि शब्द निदान चार अक्षरांचा. तिथे अक्षर पुन्हा पुन्हा वापरता येतं हे नवीन माणूस विसरतो, म्हणून ओनियन किंवा ककून सारखे शब्द त्याला दिसत नाहीत. जोडअक्षरं करून बघायची, ओओ, ईई, एलएल, टीटी. एवढं केलं तरी पुष्कळ.

आता शब्द शोधून देणाऱ्या साइट. अक्षरं टाका, कोऱ्या सोंगटीसाठी प्रश्नचिन्ह टाका, सुरुवात अमुकने हवी, शेवट तमुकने हवा ते सांगा, की क्षणात यादी येते. जादू काही नाही, मी वर सांगितलेला पत्त्याचाच प्रकार आहे, अख्ख्या डिक्शनरीतले शब्द आतून क्रमाने लावून ठेवलेले असतात, तुमची अक्षरं क्रमाने लावली की जुळणारे पत्ते बाहेर येतात. या साइटना मी वाईट म्हणत नाही, मी स्वतः रोज वापरते, पण डाव चालू असताना कधीच नाही. आमच्याकडे बोर्ड मांडला की सगळ्यांचे फोन देव्हाऱ्याच्या खोलीतल्या फडताळात जातात, हा जाऊबाईंचा नियम आणि मला तो शंभर टक्के पटतो, कारण खेळताना यादी बघितली की गुण मिळतात पण शब्द डोक्यात राहत नाही, आणि समोरचा जो मेहनतीने विचार करतोय त्याचा तो अपमान आहे. डाव संपल्यावर मात्र जरूर बघावं. जिथे अडलो होतो ती सात अक्षरं वहीत लिहून ठेवायची, नंतर साइटवर टाकायची, आणि आलेल्या यादीतलं एकच घराणं पाठ करायचं. पन्नास शब्द वाचले तर एकही राहत नाही. आणि कुठली डिक्शनरी मानायची हे डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा, कॉलिन्सची यादी मोठी, अमेरिकन यादी तिच्यापेक्षा लहान, एकीत चालतो तो शब्द दुसरीत चालेलच असं नाही, आणि मध्यरात्री त्यावरून भावाभावांत आवाज चढलेले मी बघितलेत.

ज्यांना अजून वाटतं की इंग्लिश बोलता येणं म्हणजे हा खेळ येणं, त्यांच्यासाठी नायजेल रिचर्ड्सचं सांगते. न्यूझीलंडचा माणूस, इंग्रजी स्क्रॅबलचा अनेकदा जगज्जेता. 2015 मध्ये त्याने फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. साधारण नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली आणि जाऊन जिंकून आला. 2024 मध्ये स्पॅनिशची जिंकली, ती भाषाही न बोलता. मी हे दरवर्षी नव्या बॅचला सांगते, कारण पहिल्या आठवड्यात कोणी ना कोणी म्हणतंच, "मॅडम, आमका इंग्लिश येना नाय, आमी काय खेळतलो?" त्यांना मी सांगते की अरे तुला पाढे पाठ आहेत ना, मग हे पण होईल, इंग्लिश बोलायचं आपण सोबत शिकूच.

यावर्षी मी जे ने संपणारे शब्द घेतलेत. थोडेच आहेत पण 8 गुणांचं अक्षर शब्दाच्या टोकाला टाकता येणं ही मोठी सोय. एच-ए-जे, एच-ए-डी-जे, आर-ए-जे, टी-ए-जे, आणि एस-डब्ल्यू-ए-आर-ए-जे, स्वराज्य, सहा अक्षरं, 16 गुण. यादी पुतणीला आधीच पाठवून दिलीये, तिने पण पाठ करावी, म्हणजे गणपतीत आम्ही दोघी बरोबरीने बसू.